मूळ ब्रिटिश सायकेडेलिक एलपी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

१९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत इंग्लंडमध्ये निघालेल्या सायकेडेलिक (स्वप्नवत, चमत्कारिक ध्वनींनी भरलेल्या) रॉकच्या बऱ्याच एलपींची मूळ प्रेसिंग, म्हणजे त्या वेळीच दाबून काढलेल्या प्रती, आज शेकडो पौंडांना विकली जातात, आणि तेवढ्या पैशांत त्याच अल्बमची कोरी करकरीत, एकही ओरखडा नसलेली नवी आवृत्ती घेऊन वर चांगली सुई आणि रेकॉर्ड धुण्याचे यंत्रही घेता येते. तरीही मूळ प्रतींना गिऱ्हाईक कमी नाही, आणि ही सगळी मंडळी केवळ हौसेपोटी डोळे मिटून पैसे टाकतात असेही म्हणता येत नाही. माझे मत असे, की रेकॉर्ड जुनी आहे एवढ्यासाठी एक छदामही जास्त देऊ नये. नव्या आवृत्तीत जे येतच नाही किंवा अर्धवट येते, ते मूळ प्रतीत असेल तरच तिच्यावर खर्च करावा. या काळातल्या ब्रिटिश एलपींच्या बाबतीत असे काही बहुधा दोनच ठिकाणी सापडते: मोनो मिक्समध्ये (सगळे आवाज एकाच वाहिनीत मिसळलेले; स्टिरिओत ते डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत विभागतात) आणि कव्हरच्या घडणीत. पुढचे परीक्षण याच दोन कसोट्यांवर केले आहे.

मोनोचा मुद्दा आधी स्पष्ट करायला हवा, कारण नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला स्टिरिओ म्हणजे सुधारित आणि मोनो म्हणजे मागासलेले असे वाटणे स्वाभाविक आहे. १९६७ साली इंग्लंडमधली पॉप ऐकणारी तरुण पिढी डॅन्सेटसारख्या एकाच स्पीकरच्या पेटीवजा प्लेअरवर रेकॉर्ड लावत असे, आणि स्टिरिओ हा प्रामुख्याने ऐपतदार, शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मंडळींचा मामला होता. त्यामुळे स्टुडिओत खरी मेहनत मोनो मिक्सवर होई, कलावंत स्वतः त्या वेळी हजर राहात, आणि स्टिरिओ मिक्स मागाहून थोडक्या वेळात उरकले जाई. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चे मोनो मिक्स चौघांच्या देखरेखीखाली आठवडे चालले आणि स्टिरिओ मिक्स त्यांच्या गैरहजेरीत काही दिवसांत झाले, हे सर्वज्ञात आहे. फरक केवळ आवाज कुठल्या बाजूने येतो एवढ्यापुरता राहात नाही. त्या अल्बममधले ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत अधिक वेगाने आणि वरच्या पट्टीत वाजते, त्यामुळे गाण्याचा भावच बदलतो, आणि स्टिरिओतली संथ आवृत्ती त्यानंतर जरा रडकी वाटू लागते.

ज्या एका रेकॉर्डसाठी मी हा सगळा खटाटोप योग्य ठरवीन ती म्हणजे पिंक फ्लॉइडची पहिली एलपी, ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’. ऑगस्ट १९६७ मध्ये ईएमआयच्या कोलंबिया लेबलवर ती निघाली. मोनोचा क्रमांक एसएक्स ६१५७ आणि स्टिरिओचा एससीएक्स ६१५७. पुढे ॲबी रोड या नावाने प्रसिद्ध झालेल्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली आणि निर्माता होता नॉर्मन स्मिथ, जो त्याआधी बीटल्सचा ध्वनिमुद्रक म्हणून काम करत होता. बँडचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याची विस्कळीत, खोडकर, मधूनच भयावह होणारी गाणी स्मिथने पॉप एलपीच्या चौकटीत कशी बसवली, याचे उत्तर मोनो मिक्स ऐकल्याशिवाय मिळत नाही, कारण त्याचे लक्ष मुख्यतः मोनोवरच होते.

उदाहरण म्हणून दुसऱ्या बाजूचे पहिले वादन, ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’, घेऊ. जवळपास दहा मिनिटांच्या या वादनात एकाच रचनेचे दोन टेक, म्हणजे दोन वेगळी ध्वनिमुद्रणे, एकावर एक चढवलेले आहेत. स्टिरिओ मिक्समध्ये वरचा थर बराच काळ दबलेला राहतो आणि गिटारची ती प्रसिद्ध उतरती धून एकटी, काहीशी उघडी पडल्यासारखी ऐकू येते. मोनोत मात्र पहिल्या मिनिटातच ऑर्गन आणि चित्रविचित्र आवाज पुढे येतात, दोन्ही थर एकमेकांत घुसतात, आणि चार वादक वाजवत असूनही कोण काय करतो आहे हे सांगता येऊ नये इतका दाट कल्लोळ तयार होतो. माझ्या मते हे वादन असेच ऐकू यायला हवे. शेवटाकडे स्टिरिओत आवाज एका कानातून दुसऱ्या कानात हेलकावे घेतो, ती गंमत मोनोत अर्थातच नाही, आणि हेडफोन लावून ऐकणाऱ्याला तिची उणीव भासेल हे मान्य करायला हवे. पण त्या काही क्षणांच्या करामतीसाठी आधीच्या नऊ मिनिटांचे वजन गमावणे मला परवडत नाही.

पहिल्या बाजूवर ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’च्या आरंभी ग्रहांची नावे घेणारा जो कर्ण्यातला आवाज येतो, तो बँडचा व्यवस्थापक पीटर जेनर याचा. चांगल्या मोनो प्रतीवर तो आवाज, त्यामागून सरकत येणारी बास गिटार आणि मग ड्रम्स हे सगळे एका बिंदूतून खोलीत शिरते. ‘लुसिफर सॅम’मधली बास आणि गिटार एकमेकांना चिकटून चालतात, स्टिरिओत त्यांची ताटातूट झाल्यावर त्या गाण्यातली मांजराची चोरपावले हरवतात. याउलट ‘चॅप्टर २४’ किंवा ‘द स्केअरक्रो’ यांसारख्या शांत गाण्यांत फरक किरकोळ आहे, आणि केवळ त्यांच्यासाठी कोणी मोनोच्या मागे लागू नये.

या अल्बमची मोनो आवृत्ती २०१८ च्या रेकॉर्ड स्टोअर डेला (रेकॉर्ड दुकानांच्या वार्षिक उत्सवाच्या दिवशी) पुन्हा निघाली होती. ती शांत आणि स्वच्छ वाजते, आणि मूळ प्रतीपेक्षा पुष्कळ स्वस्तात हाती लागते, म्हणून ऐकणे एवढाच हेतू असेल तर तीच घ्यावी असे मी निःशंकपणे सांगेन. मूळ प्रतीत मधल्या पट्टीचा जो ठोसा आहे, विशेषतः स्नेअर ड्रम आणि बॅरेटचा आवाज ज्या निकटतेने येतो, तो नव्या प्रतीत थोडा मवाळ झाला आहे. पण हा फरक चांगल्या यंत्रावर, दोन्ही प्रती लागोपाठ लावल्यावरच कळतो. अमेरिकेत टॉवर लेबलवर निघालेली आवृत्ती मात्र या चर्चेतून बाद समजावी, कारण तिच्यात ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’, ‘फ्लेमिंग’ आणि ‘बाइक’ ही तीन गाणी गाळून आरंभी ‘सी एमिली प्ले’ घातलेले आहे.

मूळ प्रतीचे कव्हर हा स्वतंत्र विषय आहे. समोरचे छायाचित्र विक सिंग यांनी जॉर्ज हॅरिसनने दिलेल्या प्रिझम भिंगातून घेतले, त्यामुळे चौघांचे चेहरे आणि रंगीत कपडे एकमेकांत मिसळून त्यांच्या अनेक प्रतिमा झाल्या आहेत; मागच्या बाजूला बॅरेटने स्वतः काढलेली, चौघांच्या काळ्या छायाकृतींची आकृती आहे. त्या काळच्या ब्रिटिश कव्हरांची बांधणी विशिष्ट होती: समोरच्या कागदावर चकचकीत पारदर्शक पापुद्रा चढवलेला असे, मागचा कागद साधा राही, आणि समोरच्या कागदाच्या कडा दुमडून मागच्या बाजूवर चिकटवलेल्या असत. या दुमडींना संग्राहक फ्लिपबॅक म्हणतात. प्रत हातात आली की प्रथम या दुमडींवरून बोट फिरवावे. त्या सुटलेल्या, पुन्हा डिंकाने चिकटवलेल्या किंवा टेपने सांधलेल्या असतील तर बोटाला लगेच कळते. नंतर कव्हर उजेडात तिरके धरावे, म्हणजे पापुद्र्याखालच्या सुरकुत्या, बुडबुडे आणि आतल्या रेकॉर्डने उमटवलेले वर्तुळ दिसते. पापुद्र्यामुळे खालचे रंग पन्नास वर्षांनंतरही ओलसर, खोल दिसतात, आणि नव्या आवृत्त्यांची छपाई कितीही काटेकोर असली तरी त्यांच्यात ही खोली क्वचितच उतरते.

लेबल आणि गाणी संपल्यानंतरची गुळगुळीत पट्टी वाचता आली की अर्धी फसवणूक टळते. ईएमआयच्या त्या काळातल्या लेबलांवर ही रेकॉर्ड ठरलेल्या किमतीच्या अटीवर ब्रिटनमध्ये विकली जात असल्याची एक ओळ छापलेली असे. १९६९ च्या सुमारास ती ओळ गेली आणि चौकटीतले ईएमआयचे चिन्ह आले. म्हणून ओळ नसलेली आणि चिन्ह असलेली प्रत ‘पहिले प्रेसिंग’ म्हणून विकली जात असेल तर तिथेच बोलणे थांबवावे. रेकॉर्ड समोर धरून त्या पट्टीतला मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूच्या मूळ कोरणीचा क्रमांक) तळाशी, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी आणला, की नऊच्या जागी मदरचा (ज्या धातूच्या तबकडीवरून स्टॅम्पर बनतात तिचा) क्रमांक आणि तीनच्या जागी स्टॅम्परची (रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याची) अक्षरे दिसतात. ही अक्षरे म्हणजे कंपनीचा सांकेतिक आकडा होता: ग्रामोफोन लिमिटेड या नावातून घेतलेली जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरे अनुक्रमे एक ते नऊ आणि शून्य यांच्यासाठी वापरली जात. म्हणजे तीनच्या जागी ‘आर’ आणि ‘ए’ अशी अक्षरे कोरलेली असतील तर ती रेकॉर्ड तेविसाव्या स्टॅम्परवर दाबलेली आहे. कमी आकड्याची प्रत अधिक टवटवीत वाजते असा समज या व्यवहारात पक्का आहे आणि विक्रेते त्याचे पैसेही घेतात. मला तो अर्धाच पटतो, कारण स्टॅम्पर पहिला असला तरी त्याच्यावर शेवटी दाबलेली रेकॉर्ड झिजलेल्या साच्यातूनच निघालेली असणार, आणि ती पहिली की शेवटची हे सांगणारी कोणतीही खूण रेकॉर्डवर नसते.

मोनो रेकॉर्ड साध्या स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या, तिची हालचाल विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागावर) बिनधोक वाजते, पण तिच्यावर अन्याय होतो. मोनोत संगीत फक्त खाचेच्या आडव्या हालचालीत कोरलेले असते, तर धूळ आणि झीज सुईला वर-खालीही हलवते. स्टिरिओ कार्ट्रिज ही उभी हालचालसुद्धा आवाज म्हणून पुढे पाठवते. ॲम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबताच ही खरखर बरीचशी नाहीशी होते, आणि ज्या प्रतीला आपण झिजलेली समजत होतो ती अचानक ऐकण्याजोगी ठरते. मोनोच्या मूळ प्रती जमवण्याचा विचार असेल तर पहिला खर्च रेकॉर्डवर न करता मोनो कार्ट्रिजवर करावा.

‘सार्जंट पेपर’ची मूळ मोनो प्रत, पार्लोफोन पीएमसी ७०२७, ही या सगळ्यांत सहज मिळणारी आहे, कारण ती प्रचंड खपली, म्हणूनच तिची खराब प्रत घेण्याला काही कारण नाही. आतला लाल-गुलाबी लाटांचा कागदी पाउच आणि कापून घ्यायच्या चित्रांचा पुठ्ठा जागेवर आहे ना, एवढे पाहावे. शेवटच्या खाचेत कोरलेली बडबड, जी सुई हाताने उचलेपर्यंत फिरत राहते, ती आपोआप परतणाऱ्या टर्नटेबलवर पुरती ऐकायला मिळत नाही.

झॉम्बीजच्या ‘ओडेसी अँड ओरॅकल’ची कथा मोनोच्या बाजूने सर्वांत बोलकी आहे. एप्रिल १९६८ मध्ये सीबीएसने ती काढली तेव्हा बँड फुटलाही होता. सुमारे हजार पौंडांच्या तुटपुंज्या खर्चात केलेल्या या अल्बमचे मोनो मिक्स तयार झाल्यावर कंपनीने स्टिरिओची मागणी केली, आणि बँडमधल्या रॉड अर्जेंट व ख्रिस व्हाइट यांना त्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागला. ‘धिस विल बी अवर इयर’मधले ब्रासचे (पितळी फुंकवाद्यांचे) तुकडे तर थेट मोनो मिक्स करतानाच वाजवून घेतले होते, त्यामुळे त्यांचे स्टिरिओ मिक्स होणेच शक्य नव्हते, आणि स्टिरिओ एलपीवर मोनोचेच कृत्रिमरीत्या दोन भाग करून घातले गेले. ते गाणे मोनो प्रतीवर ऐकावे. पियानो, आवाज आणि ब्रास यांच्यात कुठेही फट दिसत नाही. मात्र संग्रहणीय रेकॉर्डमध्ये अधिक महाग असलेल्या या एलपीच्या नव्या मोनो आवृत्त्या सहसा समाधानकारक आहेत, आणि कव्हर, त्यावरच्या शीर्षकातल्या शुद्धलेखनाच्या प्रसिद्ध चुकीसह, तितकेच देखणे छापले जाते. मूळ प्रतीसाठी जीव टाकण्याची गरज मला इथे वाटत नाही.

उलट रोलिंग स्टोन्सच्या ‘देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट’मध्ये मूळ प्रत घेण्याचे एकमेव कारण म्हणजे कव्हर. डिसेंबर १९६७ च्या या डेका एलपीवर मायकेल कूपर यांचे त्रिमितीय छायाचित्र चिकटवलेले आहे. कव्हर डावीउजवीकडे कलते केले की बँडच्या मंडळींच्या माना वळतात, आणि फुलापानांत लपवलेले बीटल्सचे चेहरे शोधण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. हे छापणे इतके खर्चिक होते की नंतरच्या प्रेसिंगांत त्याजागी साधे छायाचित्र आले. त्या प्लास्टिकच्या रेघाळ पृष्ठभागाला तडे जातात, कडा उचलल्या जातात आणि रेघांत बसलेला मळ पुसून निघत नाही, तेव्हा प्रत घेताना ओल्या फडक्याने पुसल्याच्या खुणा पाहाव्यात. संगीताबद्दल थोडक्यात सांगायचे तर ‘शीज अ रेनबो’ आणि ‘२००० लाइट इयर्स फ्रॉम होम’ यांच्यापलीकडे यात बरेच भरताड आहे, आणि दुसऱ्यांच्या मागे धावताना या बँडला लागलेली धाप स्पष्ट ऐकू येते.

स्मॉल फेसेसच्या ‘ऑग्डन्स नट गॉन फ्लेक’चे गोल कव्हर हा त्याहून मोठा विनोद. मे १९६८ मध्ये इमिजिएट लेबलने तंबाखूच्या डबीची नक्कल करून हे कव्हर काढले आणि ते उलगडले की एकमेकांना जोडलेली वर्तुळे बाहेर येतात. गोल कव्हर शेल्फवर उभे राहात नाही, घरंगळते, आणि कडा आधी झिजतात. म्हणूनच पुढच्या काळात ते चौकोनी झाले. जोडाच्या जागी फाटलेली प्रत सुस्थितीतली म्हणून विकण्याचा प्रकार एका विक्रेत्याने माझ्याशीही करून पाहिला, तेव्हा कव्हर पूर्ण उलगडल्याचे छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अल्बम सहा आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याची पहिली बाजू आजही तडफदार आहे. ‘आफ्टरग्लो’मध्ये स्टीव्ह मॅरियट ज्या ताकदीने गातो तिच्यासाठी एवढी एक बाजू पुरेशी आहे. दुसऱ्या बाजूवर हॅपिनेस स्टॅनची गोष्ट विनोदी कलाकार स्टॅन्ली अनविन आपल्या मोडक्यातोडक्या, स्वतः घडवलेल्या इंग्रजीत सांगतो. पहिल्यांदा ती मौज वाटते, नंतर सुई उचलून पुढच्या गाण्यावर ठेवण्याचा मोह होतो.

प्रतवारीबद्दल दोन शब्द. ब्रिटनमधले विक्रेते ‘रेकॉर्ड कलेक्टर’ मासिकाने रूढ केलेल्या पायऱ्या वापरतात, आणि त्यांत ‘गुड’ म्हणजे न घेण्याजोगी, तर ‘व्हेरी गुड’ म्हणजे झीज ऐकू येणारी, असा अर्थ घ्यावा. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की साठच्या दशकातल्या जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या हाताने) आणि झिजलेल्या सुईने केलेले नुकसान डोळ्यांना दिसतच नाही. रेकॉर्ड चकाकते, आणि वाजवली की ‘स’ हे अक्षर थुंकल्यासारखे बाहेर पडते. म्हणून विक्रेत्याला प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे वाजवून दाखवायला सांगावे, कारण मध्याकडे जाताना खाच आखूड पडते आणि विकृती तिथे प्रथम ऐकू येते. लेबलावरच्या छिद्राभोवती रेकॉर्ड लावताना छिद्र चुकून टर्नटेबलच्या मधल्या खुंटीने काढलेल्या बारीक रेघांचे जाळे असेल, तर ती पुष्कळ वेळा वाजलेली आहे हे ओळखावे.

मोनोचा हा सगळा आग्रह १९६८ च्या अखेरीला ढिला पडतो. तोवर कंपन्या स्टिरिओकडे वळल्या होत्या, आणि पुढच्या जानेवारीत आलेल्या बीटल्सच्या ‘यलो सबमरीन’ची ब्रिटिश मोनो एलपी म्हणजे स्टिरिओचेच दोन भाग एकत्र केलेले रूप आहे, तिच्यासाठी जास्त पैसे देण्यात केवळ दुर्मिळतेचा भाग उरतो. तेव्हा लेबलावर मोनो लिहिलेले आहे एवढ्यावरून भाव ठरू देऊ नये.

दुर्मिळतेचाच विषय निघाला म्हणून प्रिटी थिंग्जचा ‘एस. एफ. सॉरो’. डिसेंबर १९६८ मध्ये कोलंबियावर आलेली ही एलपीही नॉर्मन स्मिथने ॲबी रोडला केली, आणि एका माणसाचे जन्मापासून म्हातारपणीच्या एकाकीपणापर्यंतचे आयुष्य सलग सांगणारा हा अल्बम द हू या बँडच्या ‘टॉमी’च्या कित्येक महिने आधीचा आहे. बीटल्सचा पांढरा अल्बम आणि स्टोन्सचा ‘बेगर्स बँक्वेट’ नुकतेच बाजारात आले होते. त्यांच्या गर्दीत तो विकला गेला नाही आणि म्हणून आज त्याची मूळ प्रत शेकडो पौंडांना जाते. संगीत त्या लायकीचे आहे. ‘बॅरन सॅटर्डे’मधला ड्रम्सचा धुमाकूळ आणि ‘डेथ’मधली सितार ऐकल्यावर, त्या वर्षीच्या अधिक गाजलेल्या काही एलपी अगदीच घरगुती वाटतात. पण गायक फिल मे याने काढलेले कव्हर व आतल्या पानांवर गाण्यांच्या मध्ये छापलेली कथा चांगल्या नव्या आवृत्तीतही वाचता येते. ही कथा वाचल्याशिवाय अल्बमचा धागा हाती लागत नाही, म्हणून नवी आवृत्ती घेताना आतली पाने पूर्ण छापलेली आहेत याची खात्री करावी. साध्या, न उघडणाऱ्या कव्हरातली स्वस्त प्रत घेऊ नये.